अणूचे प्रारूप बदलायला नेमका कोणता पुरावा पुरेसा ठरला?

चाफा

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. अणूचे अंतरंग शिकवताना डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड आणि बोर अशी चार नावे, चार आकृत्या आणि प्रत्येक प्रारूपाच्या त्रुटी हा क्रम फळ्यावर सहज उतरतो. मुले तो पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. खरी कसोटी लागते ती एखाद्याने मनापासून विचार करून प्रश्न विचारला की. यंदा वर्गातल्या एका मुलीने विचारले की, सोन्याच्या पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी (हे जड, धनप्रभारित कण) थोडे मागे फिरले एवढ्यावरून अणूच्या मध्यभागी केंद्रक आहे असे कसे ठरवता येईल? थॉमसन यांच्या प्रारूपात अणू म्हणजे धनप्रभाराचे कलिंगड आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातल्या बिया; त्या बियांवर आपटूनही अल्फा कण मागे फिरू शकतील. दुसऱ्या एका मुलाची शंका बोर यांच्याविषयी होती. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवे असे पुस्तक सांगते, आणि लगेच पुढे ठरावीक कक्षेत फिरताना तो कोसळत नाही असेही सांगते. मग बोर यांनी तसे म्हटले म्हणून तो कोसळायचा थांबला का?

दोन्ही शंका मला अगदी रास्त वाटतात आणि "पुढच्या इयत्तेत कळेल" असे सांगून त्या मिटवणे मला पटत नाही. त्या काळच्या शास्त्रज्ञांसमोर प्रत्यक्ष कोणते आकडे होते, आणि त्या आकड्यांमुळे जुने प्रारूप टिकवणे अशक्य का झाले, हे कोणी समजावून सांगू शकेल का? गणित आठवीच्या आवाक्याबाहेरचे असले तरी चालेल. आधी ते मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे.

कोयनाकाठ

चाफाताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण १९०९ ते १९११ या दोन वर्षांत रुदरफोर्ड यांना नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले.

प्रथम थॉमसन यांच्याविषयी. त्यांचे प्रारूप ही एखादी ढोबळ कल्पना होती असा समज आपल्या पुस्तकांमुळे होतो आणि तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी दाखवून दिले की नळीतला वायू बदलला किंवा ऋणाग्राचा धातू बदलला, तरी ऋणकिरणांतील कणांचे प्रभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर तेच राहते. याचा अर्थ हे कण सर्व द्रव्यात समान आहेत आणि ते अणूपेक्षा कितीतरी हलके आहेत. अणू एकूण उदासीन असतो, त्यामुळे धनप्रभार कुठेतरी असलाच पाहिजे. पण इतका हलका धनप्रभारित कण कोणालाही सापडत नव्हता. म्हणून धनप्रभार संपूर्ण अणूभर पसरलेला आहे असे मानणे हा त्या वेळचा सर्वांत संयमी पर्याय होता.

आता पत्रा पाहू. रुदरफोर्ड यांच्या १९११ च्या लेखात सोन्याच्या पत्र्याची जाडी ०.००००४ सेंटिमीटर दिली आहे, म्हणजे साधारण दीड हजार अणूंचे थर. अल्फा कणाचा वेग सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर. असा कण थॉमसन यांच्या अणूतून गेला तर त्याला वळवू शकतील अशा दोनच गोष्टी आहेत. पहिली म्हणजे इलेक्ट्रॉन, अर्थात तुमच्या विद्यार्थिनीच्या बिया. पण अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७,३०० पट जड असतो, आणि इतक्या हलक्या कणावर आदळल्याने त्याचा मार्ग फार तर अंशाच्या शंभराव्या भागाइतकाच वळू शकतो, मग टक्कर कितीही नेमकी असो. दुसरी गोष्ट म्हणजे पसरलेला धनप्रभार. तो अणूएवढ्या मोठ्या गोलात विखुरलेला असल्याने त्याचे प्रतिसारण कुठेच तीव्र होत नाही, आणि त्यामुळे होणारे वळणही अंशाच्या एक-दोन शतांशांपलीकडे जात नाही.

दीड हजार थरांतून जाताना अशी अनेक लहान वळणे मिळतील, परंतु ती सगळ्या दिशांना असल्याने एकमेकांना बरीचशी खोडतात. दीड हजाराचे वर्गमूळ सुमारे चाळीस. म्हणून एकूण वळण एका वळणाच्या चाळीस पट, म्हणजे जेमतेम एक अंश होईल. इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी: रुदरफोर्ड यांचे सहकारी गायगर यांना सुरुवातीच्या मोजणीत सोन्यासाठी बहुतेक कणांचे वळण एक अंशाच्या आसपासच आढळले होते. म्हणजे तोपर्यंत थॉमसन यांचे प्रारूप उत्तीर्ण होत होते.

त्यानंतर १९०९ मध्ये मँचेस्टरला रुदरफोर्ड यांनी गायगर आणि त्या वेळी पदवीचे शिक्षण घेत असलेले मार्सडेन यांना मोठ्या कोनातून वळणारे कण सापडतात का ते पाहायला सांगितले. काम कष्टाचे होते. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबायचे आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर एकेका कणाने उमटणारी क्षीण चमक सूक्ष्मदर्शकातून पाहून मोजायची. त्यांना असे आढळले की या पत्र्यातून जाताना साधारण २०,००० कणांपैकी एक कण सरासरी ९० अंशांतून वळतो. वीस हजारांत एक हे प्रमाण आपल्याला क्षुल्लक वाटते. पण लहान लहान वळणांची बेरीज होऊन ९० अंश वळण मिळण्याची शक्यता काढली, तर उत्तरात दशांशचिन्हानंतर तीन हजारांहून अधिक शून्ये येतात. विश्वात जितके अल्फा कण असतील तितके वापरले तरी असा एकही कण दिसायला नको होता.

म्हणून वळण एकाच टकरीत मिळाले असले पाहिजे, आणि एकाच टकरीत एवढ्या वेगवान कणाला परतवायचे असेल तर प्रभार अतिशय लहान जागेत एकवटलेला हवा. आजच्या आकड्यांनी हिशेब केला तर समोरासमोर येणारा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकापासून सुमारे ३० फेम्टोमीटरवर थांबून मागे फिरतो. हे अंतर अणूच्या त्रिज्येच्या काही हजाराव्या भागाइतके आहे. धनप्रभाराचा सगळा साठा त्याहून आत असल्याशिवाय हे घडणार नाही. शिवाय तो साठा हलका असता तर तोच बाजूला ढकलला गेला असता आणि अल्फा कण मागे आला नसता. म्हणून वस्तुमानही तिथेच असले पाहिजे.

माझ्या मते रुदरफोर्ड यांचे मोठेपण याच्या पुढच्या पायरीत आहे. त्यांनी सूत्र मांडले की वळलेल्या कणांची संख्या ही वळणाच्या निम्म्या कोनाच्या साइनच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असेल. त्यानुसार ५ अंशांना जितके कण मिळतील, त्यांच्या सुमारे अडीच लाखावा भाग १५० अंशांना मिळायला हवा. गायगर आणि मार्सडेन यांनी लाखाहून अधिक चमका मोजून १९१३ मध्ये ते पडताळले, आणि ५ ते १५० अंशांच्या संपूर्ण पट्ट्यात मोजणी सूत्राशी जुळली. पत्र्याची जाडी, कणाचा वेग आणि धातू बदलूनही जुळणी कायम राहिली. एवढे हाती असूनही १९११ च्या लेखात मध्यवर्ती प्रभार धन आहे की ऋण, हे रुदरफोर्ड यांनी मोकळे सोडले होते, कारण विखुरण्याच्या त्या सूत्रातून चिन्ह ठरत नाही. पुरावा जिथे थांबतो तिथेच विधान थांबवण्याची ही शिस्त मुलांना जरूर सांगावी.

दुर्बीण

वरील प्रतिसाद उत्तम आहे. दुसऱ्या मुलाच्या शंकेविषयी मी लिहितो.

मुलगा बरोबर बोलतो आहे. विद्युतचुंबकत्वाच्या तेव्हाच्या नियमांनुसार हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात केंद्रकात जायला हवा, आणि हे का घडत नाही याचे स्पष्टीकरण बोर यांच्याजवळ नव्हते. त्यांनी ते गृहीत धरले आणि तसे उघडपणे लिहिले. मग लोकांनी ते का ऐकून घेतले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात आणि रेषांत आहे.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथे मुलींच्या शाळेत शिकवणारे बाल्मर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या दृश्य रेषांच्या तरंगलांब्या एका साध्या सूत्रात बसवल्या होत्या. तुमचे विद्यार्थीही हे करून पाहू शकतील: ३६४.५६ ला ९ ने गुणून ५ ने भागा, ६५६.२ येते, १६ ने गुणून १२ ने भागा, ४८६.१ येते, २५ ने गुणून २१ ने भागा, ४३४.० येते. नॅनोमीटरमध्ये या हायड्रोजनच्या तांबड्या, हिरवट निळ्या आणि जांभळट रेषा आहेत. अंश म्हणजे ३, ४, ५ यांचे वर्ग, आणि छेद त्याहून ४ ने कमी. सूत्र अचूक होते, पण ते का चालते हे जवळजवळ तीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही.

बोर यांच्या १९१३ च्या लेखांत ठरावीक कक्षा गृहीत धरल्यावर हे सूत्र आपोआप बाहेर पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातला स्थिरांक इलेक्ट्रॉनचा प्रभार, त्याचे वस्तुमान आणि प्लांक यांचा स्थिरांक एवढ्यावरून काढता येतो. वर्णपटाकडे न पाहता हिशेबाने आलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांत तेव्हाच्या मापनांच्या मर्यादेपलीकडचा फरक नव्हता. इतक्या नेमक्या जुळणीनंतर गृहीतक विचित्र आहे एवढ्याच कारणाने ते फेटाळणे कठीण झाले.

मला स्वतःला सर्वांत निर्णायक वाटतो तो इंग्लंडमधील वर्णपटतज्ज्ञ फाउलर यांच्याशी बोर यांचा झालेला पत्रव्यवहार. काही ताऱ्यांच्या वर्णपटात आणि प्रयोगशाळेतील हायड्रोजन-हेलियमच्या मिश्रणात अशा रेषा दिसत होत्या, ज्या सर्वजण हायड्रोजनच्या मानत. बोर म्हणाले की त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रकावर दुप्पट प्रभार असल्यामुळे त्यांचा स्थिरांक हायड्रोजनच्या चौपट असतो. फाउलर यांनी 'नेचर'मधून आक्षेप घेतला की मोजलेले गुणोत्तर ४ नाही, ४.००१६ आहे, आणि वर्णपटाच्या मापनात एवढी तफावत चालत नाही. बोर यांनी उत्तर दिले की आपण केंद्रक अचल मानले होते. प्रत्यक्षात तेही किंचित हलते, आणि हायड्रोजनचे केंद्रक हलके असल्याने अधिक हलते. ही दुरुस्ती केल्यावर गुणोत्तर ४.००१६३ येते. आक्षेपाचा आकडाच सिद्धांताचा पुरावा ठरला.

हेलियमचा विषय निघालाच आहे म्हणून एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे हा गैरसमज फार पसरला आहे. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे सर्रास सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सौरज्वालांच्या वर्णपटरेषा पाहिल्या, तर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्या रेषा टिपल्या. त्यांतली पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, आणि त्यातून हेलियमचे नाव पुढे आले. लॉकयर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅमझी यांनी पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळा करून तीन वर्षे होत आली होती. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण मुलांना तारखा बरोबर सांगाव्यात.

मोझली यांचे नाव शालेय पुस्तकांत क्वचितच येते, ते तुम्ही वर्गात घ्यावे असे सुचवतो. १९१३-१४ मध्ये त्यांनी एकामागून एक मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि तिचे वर्गमूळ प्रत्येक मूलद्रव्यागणिक सारख्याच पायरीने वाढते असे दाखवले. ही पायरी म्हणजे केंद्रकावरील एकेक प्रभार. अणुवस्तुमानानुसार निकेलनंतर कोबाल्ट यायला हवे होते, रसायनशास्त्रज्ञ मात्र गुणधर्म पाहून कोबाल्ट आधी ठेवत. मोझली यांच्या मोजणीत कोबाल्ट २७ आणि निकेल २८ असा निःसंदिग्ध क्रम मिळाला. ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही त्यांच्या आलेखातून दिसले आणि पुढे ती तिन्ही मूलद्रव्ये मिळाली. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत हा सत्तावीस वर्षांचा संशोधक मारला गेला. हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

चाफा

दोघांचेही मनापासून आभार. बिया अल्फा कणाला का वळवू शकत नाहीत हे आता मी वर्गात आत्मविश्वासाने सांगू शकेन. यातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. हे सगळे अणू आहेतच असे धरून चालले आहे. पण अणू कोणी पाहिलेला नसताना, ते खरोखर आहेत हे केव्हा सर्वमान्य झाले? कणाद ऋषींनी परमाणू सांगितलाच होता, मग डाल्टन यांनी वेगळे काय केले, असेही पालक विचारतात.

जुने पान

कणादांच्या प्रश्नाचे उत्तर आदराने आणि स्पष्टपणे द्यायला हवे. वैशेषिक दर्शनात परमाणू, दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी सुसंगत मांडणी आहे आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात दिसणारा धूलिकण हे त्र्यणुकाचे उदाहरण दिले जाते. वस्तू विभागत गेलो तर शेवट कुठे, या प्रश्नाचे ते तर्काने दिलेले उत्तर आहे, आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटस यांचेही तसेच. डाल्टन यांनी तराजू आणला. ठरावीक वजनाच्या कार्बनशी संयोग पावणारा ऑक्सिजन एका वायूत जितका असतो, त्याच्या नेमका दुप्पट दुसऱ्या वायूत असतो. दीडपट किंवा पावणेदोनपट नसतो. द्रव्य सुट्या एककांनी बनलेले असेल तर हे सहज समजते. १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला सापेक्ष वजन दिले.

तरीही मान्यता मिळायला शंभर वर्षे गेली. डाल्टन यांच्या मते पाण्यात एक हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन होता, आणि त्यामुळे वजनांच्या कोष्टकांत अनेक दशके गोंधळ राहिला. ऑक्सिजन कोणी ८ धरी तर कोणी १६. ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्येच तोडगा सुचवला होता, पण त्याकडे दुर्लक्ष झाले. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्लस्रूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कानिझारो यांनी ॲव्होगाड्रो यांचा विचार पुन्हा मांडला आणि त्यांची पुस्तिका वाटली गेली. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह हजर होते. आवर्तसारणीसाठी लागणारी विश्वासार्ह अणुवस्तुमाने त्यानंतरच हाती आली.

परंतु अणू ही हिशेबाची सोय आहे की खरी वस्तू, हा वाद सुरूच राहिला. ओस्टवाल्ड यांच्यासारखा श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ अणूंचे अस्तित्व मानायला तयार नव्हता. त्यांचे मत बदलले ते मुख्यतः थॉमसन यांच्या कामामुळे आणि पॅरिसमधल्या पेराँ यांच्या प्रयोगांमुळे. पेराँ यांनी गॅम्बोज नावाचा पिवळा रंग वापरला. हा कोकमाच्या भाऊबंदांपैकी एका झाडाचा चीक. आपली कोकम ज्या गार्सिनिया गटात येते, त्यातलेच ते झाड. या चिकाचे एकसारख्या आकाराचे सूक्ष्म कण वेगळे करून त्यांनी ते पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या उंचीवर मोजले. ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीवर १०० कण मिळाले तर ३५ वर ४७, ६५ वर २२.६ आणि ९५ वर १२, अशी ती मालिका होती. दर ३० मायक्रॉनला संख्या निम्मी होत जाते.

आता हवेकडे पाहा. वातावरणात साधारण साडेसहा किलोमीटर वर गेले की हवेची घनता निम्मी होते. कारण दोन्हीकडे तेच आहे: गुरुत्व कणांना खाली ओढते आणि उष्णतेची चळवळ त्यांना उधळते. कण जितका जड तितका निम्मे होण्याचा पल्ला लहान. चिकाच्या कणाचे वजन पेराँ यांना ठाऊक होते, म्हणून दोन पल्ल्यांच्या गुणोत्तरावरून हवेच्या एका रेणूचे वजन मिळाले. ॲव्होगाड्रो यांची संख्या त्यांना आजच्या मूल्यापेक्षा थोडी अधिक मिळाली, पण त्याच संख्येच्या जवळपास किरणोत्सर्ग, आकाशाचा निळा रंग, ब्राउन यांनी पाहिलेली कणांची अखंड धडपड अशा अगदी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचता येत होते. अणू काल्पनिक असते तर इतक्या परस्परांशी असंबद्ध घटनांनी एकच संख्या देण्याचे काही कारण नव्हते. ओस्टवाल्ड यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अणू मान्य केल्याचे लिहिले, तेव्हा गायगर आणि मार्सडेन यांची मोठ्या कोनांची मोजणी अगदी तोंडावर आली होती. अणू आहे हे पटणे आणि त्याच्या आत काय आहे हे कळणे, या दोन गोष्टी किती लागून घडल्या ते पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष पाहण्याचे म्हणाल, तर १९५५ मध्ये अमेरिकेत म्यूलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शकाने टंगस्टनच्या टोकावरचे सुटे अणू ठिपक्यांच्या रूपात दाखवले.

कोयनाकाठ

एक पुरवणी. बोर यांच्या कक्षांवर पाठ संपवू नये. त्यांच्या पद्धतीने हायड्रोजन आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम जुळतो, पण दोन इलेक्ट्रॉन असलेला साधा हेलियम जुळत नाही, आणि दहा-बारा वर्षे प्रयत्न करूनही तो जुळवता आला नाही. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या मांडणीतून कक्षांची कल्पनाच सोडून द्यावी लागली, तेव्हा कुठे हेलियमचे गणित मार्गी लागले. इलेक्ट्रॉन का कोसळत नाही याचे खरे उत्तरही तिथेच आहे: त्याला जितक्या लहान जागेत कोंडावे तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढत जाते, आणि एका विशिष्ट आकाराखाली जाणे त्याला ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. तो आकार बोर यांच्या पहिल्या कक्षेएवढाच येतो. केंद्रकातला न्यूट्रॉन चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. तोपर्यंत केंद्रकाचे वस्तुमान आणि प्रभार यांचा मेळ बसत नव्हता.

दुर्बीण

चाफाताई, वर्गात वर्णपट दाखवायचा असेल तर खर्च जवळजवळ शून्य आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला दोन ब्लेडच्या कडा जवळ आणून अरुंद फट ठेवा, समोरच्या बाजूला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवा आणि वरून पाहण्यासाठी भोक पाडा. साध्या बल्बसमोर धरल्यास सलग पट्टा दिसतो, तर जुन्या पद्धतीच्या (एलईडी नसलेल्या) ट्यूबलाइटसमोर धरल्यास पाऱ्याच्या हिरव्या आणि निळ्या रेषा स्पष्ट वेगळ्या दिसतात. ब्लेड तुम्ही स्वतः चिकटवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि खोके सूर्याकडे रोखू देऊ नका.